नीटनेटके म्हणजे कुणासारखे? शाळेच्या नियमांचं एक वाचन

समीक्षेवरच्या व्याख्यानात साधारणपणे कादंबरी, कविता, नाटक अशा गोष्टींवर बोललं जातं. मी आज ज्या मजकुराबद्दल बोलणार आहे त्याला कुणी साहित्य म्हणणार नाही. तो आहे शाळेची आचारसंहिता. शाळेच्या डायरीत सुरुवातीच्या पाना-दोन पानांवर छापलेले ते नियम, ज्यांच्याखाली पालकांची सही घेतात आणि जे सही करणारे पालक सहसा वाचत नाहीत. (हशा)

पण कुणीतरी ते वाचतं. ज्या मुलाला किंवा मुलीला त्या नियमांचा रोज त्रास होतो, ती ते फार बारकाईनं वाचते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की, शाळेतल्या वंशभेदाविरुद्ध विद्यार्थी जेव्हा बोलतात, तेव्हा ते मुळात एक वाचन मांडत असतात. ते शाळेला सांगत असतात की तुमच्या या वाक्यात अमुक एक गोष्ट लपलेली आहे. आपण मोठी माणसं मात्र त्या वाचनाला उत्तर देत नाही. आपण मुलांच्या धाडसाचं कौतुक करतो आणि विषय तिथे संपवतो. हे कौतुक बरेचदा उत्तर टाळण्याचा सभ्य मार्ग असतो. त्याबद्दल आज बोलूया.

उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं घेते. प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स ही १९०२ साली सुरू झालेली सरकारी शाळा. लाल विटांच्या इमारती, मोठं आवार, मोठा नावलौकिक. वर्णभेदाच्या काळात ती गोऱ्या मुलींची शाळा होती. १९९० नंतर अशा शाळांची दारं हळूहळू सगळ्यांना उघडली. २०१६ च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटी, शाळेत उत्सव चालू असताना, काही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी काळे कपडे घालून एकत्र आल्या. केस मोकळे, गोल, डोक्याभोवती उभे. ज्याला आपण अफ्रो म्हणतो तसे. समोर सुरक्षा रक्षक उभे राहिले. झुलेखा पटेल नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर ठेवली, आणि तिचं ते छायाचित्र जगभर गेलं.

मुलींचं म्हणणं काय होतं? एक, त्यांचे नैसर्गिक केस शाळेत ‘अव्यवस्थित’ ठरवले जातात. केस सरळ करून या, असं सांगितलं जातं. कुणाच्या केसांना पक्ष्याचं घरटं म्हटलं गेलं. दोन, आवारात आपल्या भाषेत बोललं की टोकलं जातं. तीन, काळ्या मुली घोळका करून उभ्या राहिल्या की काही कट चाललाय का, अशा नजरेनं पाहिलं जातं. ऑनलाइन निवेदनावर दोनेक दिवसांत वीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. २९ ऑगस्टला गाउटेंग प्रांताचे शिक्षणमंत्री पान्याझा लेसुफी शाळेत गेले, मुलींशी बोलले, केसांविषयीचा नियम स्थगित झाला आणि बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेण्याचं ठरलं. वर्षअखेरीस अहवाल आला. मुलींच्या तक्रारींना आधार आहे, असं त्यातून पुढे आलं.

घटना इतकीच. आता तो नियम वाचूया, कारण मुलींनी तो वाचला होता.

नियमात म्हटलं होतं की केस साधे आणि नीटनेटके असावेत. बारीक वेण्या, डोक्याला चिकटून ओळींत घातलेल्या वेण्या, जटा या चालतील, पण त्यांची जाडी जास्तीत जास्त १० मिलिमीटर. आता गंमत बघा. या नियमात अफ्रोला बंदी नव्हती. तो शब्दच तिथे नव्हता. वरवर पाहिलं तर शाळा म्हणू शकत होती की आम्ही कशालाच मनाई केलेली नाही, उलट आफ्रिकी पद्धतीच्या वेण्यांना जागा दिलीय. मग अडचण कुठे होती?

अडचण ‘नीटनेटके’ या शब्दात होती. हे विशेषण एकटं उभं राहू शकत नाही. त्याला एक नमुना लागतो. नीटनेटके म्हणजे कुणाच्या केसांसारखे? खाली पडणारे, मागे ओढले की मागे राहणारे, रबर लावला की शेपटी होणारे. असे केस गृहीत धरून तो शब्द लिहिला गेला. ज्या केसांची वाढच वर आणि बाहेर होते, ते विंचरले, धुतले, तेल लावलं तरी त्या नमुन्यात बसत नाहीत. म्हणजे एका मुलीला नीटनेटकं राहण्यासाठी केस विंचरावे लागतात आणि दुसरीला केस बदलावे लागतात. वाक्य एकच, मागणी मात्र दोघींकडे वेगवेगळी. तो ‘१० मिलिमीटर’ तर फारच बोलका आहे. मोजपट्टी कुणाच्या डोक्याला लावली जाते? ज्यांचे केस नमुन्याप्रमाणे आहेत त्यांना मिलिमीटर लागत नाहीत.

हे सगळं त्या मुलींनी ओळखलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनी एका विशेषणाचा लपलेला कर्ता शोधून काढला. आपण विद्यापीठात दोन-दोन वर्षं शिकवून हेच शिकवायचा प्रयत्न करतो.

आणि एक कायद्याची गोष्ट. १९९६ चा दक्षिण आफ्रिकेचा शाळा कायदा आहे. त्याच्या आठव्या कलमात म्हटलंय की शाळेच्या नियामक मंडळानं आचारसंहिता करायची ती विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्याशी सल्लामसलत करून. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं या मुली नियमाच्या केवळ वाचक नव्हत्या. नियम घडवताना त्यांचं म्हणणं विचारात घेतलं जाणं अपेक्षित होतं. त्यामुळे ‘शाळेचे नियम पटत नसतील तर दुसरी शाळा बघा’ हे वाक्य, जे तिथेही म्हटलं गेलं आणि आपल्याकडेही सर्रास म्हटलं जातं, ते कायद्यालाच धरून नाही. शाळा मुलांची आहे. मुलं पाहुणी नाहीत.

आता कुणी म्हणेल, केसांचा एवढा बाऊ कशाला? केस तर परत वाढतात. इथे त्या देशाचा इतिहास माहीत असायला हवा. १९५० साली तिथे लोकसंख्या नोंदणी कायदा आला आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश लिहिला जाऊ लागला. कोण गोरा, कोण मिश्रवंशीय, हे ठरवताना अधिकारी दिसण्यावर जात. त्यातली कुप्रसिद्ध पद्धत पेन्सिलची. केसांत पेन्सिल खोचायची. पडली तर गोरा. अडकून राहिली तर नाही. त्या निकालावर घर कुठे, शाळा कुठली, लग्न कुणाशी, सगळं ठरायचं. हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. म्हणजे २०१६ मध्ये त्या शाळेत शिकणाऱ्या मुलींच्या आया आणि आज्या त्या कायद्याखाली जगलेल्या होत्या. शाळेतल्या बाईंनी ‘केस ठीक कर’ म्हटल्यावर मुलीला जे ऐकू येतं, त्यात ती पेन्सिल असते.

सँड्रा लेंग हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. आई-वडील गोरे, कागदोपत्रीही गोरे. मुलगी मात्र सावळी, कुरळ्या केसांची. १९६६ साली, दहा वर्षांची असताना, तिला पीट रेटीफ गावातल्या शाळेतून काढून टाकलं आणि पोलिसांनी घरी आणून सोडलं. तिची नोंद मिश्रवंशीय अशी बदलली. पुढे वडील झगडले, कायदा बदलला, आणि ती कागदावर पुन्हा गोरी झाली. तिच्या आयुष्यावर २००८ मध्ये ‘स्किन’ नावाचा चित्रपट आला. सोफी ओकोनेडोचं काम त्यात उत्तम आहे. पण समीक्षक म्हणून माझी एक तक्रार आहे. चित्रपट शाळेतून फार लवकर बाहेर पडतो आणि बाप-लेकीच्या ताटातुटीची गोष्ट होतो. ती गोष्ट खरी आहे, हृदयद्रावक आहे, पण तिच्यात एक सोय आहे. प्रेक्षक म्हणून आपण बापावर रागावून मोकळे होतो. ती शाळा, तिथले इतर पालक, ज्यांना ती मुलगी वर्गात नको होती, ते सगळे पडद्याच्या कडेला जातात. वंशभेद हा एका घराचं दुर्दैव होऊन बसतो. तो शाळेच्या रोजच्या कारभारात कसा मुरलेला होता, हा प्रश्न तसाच राहतो.

त्या प्रश्नाचं सर्वात चांगलं उत्तर मला चित्रपटात सापडलं नाही. ते एका न्यायालयीन निकालात सापडलं, आणि त्याचा संबंध आपल्याला जवळच्या वाटेल अशा वस्तूशी आहे. चमकीशी. नाकातल्या चमकीशी.

डर्बनमध्ये भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या एका मुलींच्या सरकारी शाळेत तमिळ हिंदू घरातली एक विद्यार्थिनी २००४ मध्ये सुट्टीत नाक टोचून आली. घरातली रीत होती, आजीनं चमकी द्यायची. शाळेनं सांगितलं, काढा. नियमात कानातल्या साध्या टिकल्यांना परवानगी होती, नाकाला नव्हती. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑक्टोबर २००७ मध्ये सरन्यायाधीश पायस लांगा यांनी निकाल लिहिला. ‘पिल्ले खटला’ या नावानं तो ओळखला जातो. त्यातला मुद्दा असा की, हा नियम तटस्थ दिसतो, पण तो तटस्थ नाही. कान टोचणं हेसुद्धा शरीर टोचणंच आहे. मग कान चालतो आणि नाक का चालत नाही? कारण कान टोचण्याची चाल प्रस्थापितांची आहे. जे मुख्य प्रवाहाचं, ते नियमात ‘सर्वसाधारण’ म्हणून आधीच बसलेलं असतं. इतरांना मात्र सवलत मागायला यावं लागतं. सवलत मागण्याचं हे ओझंच अन्याय्य आहे. शाळेनं विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्याशी बोलून आचारसंहिता दुरुस्त करावी, असा आदेश झाला.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. २००७ मध्ये देशाच्या सर्वोच्च घटनात्मक पीठानं हे स्वच्छ सांगितलं. २०१६ मध्ये प्रिटोरियाच्या मुलींना तेच, पहिल्यापासून, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून सांगावं लागलं. आणि चमकीवाली मुलगी? निकाल लागला तेव्हा ती त्या शाळेत राहिलेली नव्हती. शालेय वय थांबत नाही, शाळेचा निर्णय थांबू शकतो. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ हे वाक्य म्हणूनच शाळेला परवडतं, मुलाला परवडत नाही.

आता दुसऱ्या तक्रारीकडे येते, भाषेच्या. प्रिटोरियानंतर काही दिवसांतच केप टाउनच्या सॅन सूसी गर्ल्स हायस्कूलमध्ये मुली उभ्या राहिल्या. तिथे खोसा भाषेत बोललं म्हणून शिक्षा होते, असं त्यांचं म्हणणं होतं. भाषेवरून शाळकरी मुलांनी उठणं हे त्या देशात नवं नाही. १६ जून १९७६. सोवेटो. आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध हजारो मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून नेणारा तरुण आणि शेजारी धावणारी त्याची बहीण, हे सॅम एन्झिमा यांनी काढलेलं छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

हे छायाचित्र महान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानं आपल्या वाचनाचं काय केलं? आपल्याला गोळी आठवते. मुलं नेमकं काय म्हणत होती ते आठवत नाही. ती फार मुद्देसूद गोष्ट म्हणत होती. गणित आणि सामाजिक शास्त्रांसारखे विषय निम्म्या प्रमाणात आफ्रिकान्समधून शिकवा, असा हुकूम निघाला होता. मुलांना ती भाषा धड येत नव्हती, आणि कित्येक शिक्षकांनाही येत नव्हती. म्हणजे आम्हाला गणित शिकवायच्या नावाखाली गणित न शिकवण्याची व्यवस्था केली जात आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. शिक्षणशास्त्राचा मुद्दा होता तो. छायाचित्रात युक्तिवाद दिसत नाही, त्यात शरीर दिसतं. आता १६ जूनला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, भाषणं होतात, धाडसाला सलाम होतो. आणि चाळीस वर्षांनी सॅन सूसीच्या मुली पुन्हा भाषेवरच बोलत असतात.

झुलेखा पटेलचं तेच झालं. ‘तेरा वर्षांची धाडसी मुलगी’ ही ओळ सगळीकडे छापली गेली. मुलींचा समूह होता, त्यांची एकत्रित मांडणी होती. ती एका मुलीच्या दोन हातांत आक्रसली. पुढे २०२१ मध्ये तिनं मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहिलं, ‘माय कॉइली क्राउनी हेअर’. एक लहान मुलगी आपल्या केसांवर प्रेम करायला शिकते, अशी गोष्ट. लहान मुलींच्या हातात असं पुस्तक असायलाच हवं, त्यात शंका नाही. पण एक फरक नोंदवावासा वाटतो. आंदोलनात प्रश्न शाळेला विचारलेला होता, तुझं विशेषण कुणाचं आहे? चित्रपुस्तकात काम मुलीवर येतं, तू स्वतःवर प्रेम कर. दुसरी गोष्ट जग फार चटकन स्वीकारतं, कारण तिच्यात शाळेला काही बदलावं लागत नाही. दोष पुस्तकाचा नाही. पुस्तक वाचून पहिला प्रश्न विसरणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांचा आहे.

आपल्यासारख्या म्हणते, कारण आपल्याकडे याचं फार जुनं उदाहरण आहे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय चौदाच्या आसपास. वंश आणि जात या एकच गोष्टी नाहीत. २००१ मध्ये त्याच डर्बन शहरात वंशभेदविरोधी जागतिक परिषद झाली, तेव्हा जातीचा प्रश्न तिथे घ्यावा म्हणून दलित संघटना झगडल्या आणि भारत सरकारनं त्याला विरोध केला. तो वाद आज इथे सोडवायचा नाही. शिवाय मुक्तेची शाळा तिच्या पाठीशी होती, तिनं समाजाला प्रश्न विचारला. प्रिटोरियाच्या मुलींना तो शाळेलाच विचारावा लागला. हा फरक मोठा आहे. पण आपण तिला कसं वाचतो, ते बघा. ‘पहिली दलित लेखिका’. पुढे? ज्या ग्रंथांकडे बघायचीही आम्हाला मनाई, तो धर्म आमचा कसा म्हणायचा, असा तिचा रोखठोक तर्क आहे. त्या तर्काला उत्तर कोण देतं? आपण तिला ‘पहिली’ म्हणतो, हार घालतो आणि पुढे जातो. ‘पहिली’ आणि ‘धाडसी’ ही दोन्ही विशेषणं माणसाला भिंतीवरच्या फोटोत बसवण्याच्या कामाची आहेत.

आता एक आक्षेप, जो व्याख्यानानंतर कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच घेते. विद्यार्थी म्हणतील ते सगळं बरोबर मानायचं का? शिस्त म्हणून काही असते की नाही?

नाही, सगळं बरोबर मानायचं नाही. त्याच प्रिटोरियाच्या शाळेचं पुढचं उदाहरण आहे. जुलै २०२४ मध्ये तिथे एका व्हॉट्सअॅप गटावरून तक्रार झाली. गट गोऱ्या मुलींचा, त्यातले संदेश वंशभेदी आहेत असा आरोप. बारा विद्यार्थिनींना निलंबित केलं गेलं, शिस्तभंगाची सुनावणी झाली आणि त्या निर्दोष ठरल्या. त्यावरून देशात पुन्हा दोन तट पडले. एक तट म्हणाला, बघा, आता उगाच आरोप होऊ लागले. दुसरा म्हणाला, बघा, पुन्हा झाकलं. मला यातून दिसतं ते वेगळंच. आठ वर्षांपूर्वी केसांचं कलम स्थगित झालं, पण एकमेकींशी या विषयावर बोलायची रीत शाळेत रुजली नाही. म्हणून गोष्ट थेट निलंबनावर आणि मथळ्यांवर गेली. ऐकणं म्हणजे आधीच निकाल देणं नव्हे. ऐकणं म्हणजे म्हणण्यातला मुद्दा तपासणं. समीक्षेत आपण हेच करतो. एखादं वाचन मांडलं की विचारतो, मजकुरात आधार कुठे आहे? आधार असेल तर मान्य करतो, नसेल तर तसं सांगतो, कारण देऊन. मुलांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. एक तर त्यांना गप्प बसवतात, नाही तर त्यांचा सत्कार करतात.

शिस्तीचं म्हणाल तर प्रिटोरियाच्या मुलींनी गणवेश फाडला नव्हता. शाळा जाळली नव्हती. त्यांना ती शाळा हवी होती, तिचं नाव हवं होतं, तिथलं शिक्षण हवं होतं. जी शाळा आपली वाटते तिच्याच नियमांवर माणूस एवढा वेळ घालवतो.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण शिक्षक आहेत, काही जण शाळांच्या समित्यांवर आहेत. तुमच्यासाठी एक साधं काम सुचवते. तुमच्या शाळेची नियमावली घ्या आणि तिच्यातली फक्त विशेषणं अधोरेखित करा. नीटनेटका, साधा, शोभेल असा, सभ्य, योग्य. प्रत्येक शब्दापुढे लिहा, कुणासारखा? दोन वेण्या आणि रिबिनी कुणाच्या केसांच्या होतात? ‘शुद्ध बोला’ म्हणजे कुणासारखं बोला? आवारात मराठी बोललं म्हणून दंड घेणारी शाळा असेल, तर तो दंड कुणाच्या घरच्या भाषेवर पडतो? आणि मग तो कागद नववी-दहावीच्या वर्गात न्या. मुलांना विचारा, यात आम्हाला काय दिसलं नाही? त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. त्यांनी ती नियमावली आपल्याआधी, आणि आपल्यापेक्षा नीट, वाचलेली असते.

एवढंच सांगायचं होतं. थांबते. प्रश्न असतील तर घेऊया.